मदत रेषेच्या दोन्ही बाजूंना जाऊ द्या: मणिपूरबद्दल महाराष्ट्रातल्या धर्मग्रामांना खुलं पत्र

प्रति,
वसई धर्मप्रांतातल्या आणि महाराष्ट्रभरातल्या धर्मग्राम परिषदा, पास्टोरेट कमिट्या, धर्मगुरू, पाळक आणि सिस्टर्स यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी वसईतल्या एका धर्मग्रामाच्या मदत समितीचे हिशेब सांभाळते. त्यामुळे दानपेटीत कधी काय पडलं आणि कशासाठी पडलं, हे माझ्यासमोर वहीत लिहिलेलं असतं. मणिपूरच्या नावाचं पान मी पुन्हा पुन्हा उघडते. २०२३ चा जुलै महिना त्या पानावर भरून वाहतो आहे. २ जुलैला भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेच्या हाकेवरून देशभर मणिपूरसाठी प्रार्थना झाली. मग १९ जुलैला, जमावानं दोन आदिवासी बायकांची विवस्त्र धिंड काढल्याचा तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला आणि लोक मिस्सा संपल्यावर रांगा लावून पैसे देऊन गेले. त्यानंतर नाताळात थोडी भर पडली. पुढची पानं जवळजवळ रिकामी आहेत. ज्यांच्या हाती वह्या आहेत अशा इतर धर्मग्रामांतल्या भावाबहिणींशी बोलले, तर त्यांचंही चित्र फारसं वेगळं नाही.

तिकडे मात्र छावण्या रिकाम्या झालेल्या नाहीत. म्हणून हे पत्र. माझी मागणी अशी आहे की मणिपूरची मदत आपण पुन्हा उभी करावी, ती काही वर्षं न थांबता चालू ठेवावी, आणि ती फक्त ख्रिस्ती माणसांपुरती ठेवू नये. शेवटचा मुद्दा काहींना टोचेल, हे मला माहीत आहे. म्हणूनच त्यावर सविस्तर लिहिते.

आधी काय घडलं ते थोडक्यात, कारण आपल्या मंडळ्यांत या विषयावर अर्धवट बोललं जातं. मणिपूरच्या मधोमध इम्फाळचं खोरं आहे. राज्याच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम दहावा हिस्सा, पण निम्म्याहून जास्त माणसं तिथेच राहतात, आणि त्यांत बहुसंख्य मैतेई. मैतेई बहुतेक वैष्णव हिंदू किंवा सनामही हा आपला जुना धर्म पाळणारे. भोवतालच्या डोंगरांत कुकी-झो आणि नागा जमाती राहतात आणि त्या बहुतांश ख्रिस्ती आहेत. मैतेईंना अनुसूचित जमातीचा दर्जा देण्याबाबत केंद्राकडे शिफारस करण्याचा आदेश मणिपूर उच्च न्यायालयानं राज्य सरकारला दिला. त्या मागणीविरुद्ध ३ मे २०२३ रोजी डोंगरी जिल्ह्यांत आदिवासी विद्यार्थी संघटनेनं मोर्चे काढले. त्याच दिवशी चुराचांदपूर आणि बिष्णुपूर जिल्ह्यांच्या सीमेवर जाळपोळ सुरू झाली आणि रात्रीपर्यंत ती इम्फाळमध्ये पोचली. जमीन, जंगल, अफू, म्यानमारची सीमा, सत्तेतला वाटा अशी बरीच कारणं त्यामागे साचलेली होती. अडीचशेहून अधिक माणसं मेली. सुमारे साठ हजार माणसं घराबाहेर पडली. खोऱ्यात राहणारे कुकी डोंगरात गेले, डोंगरात आणि मोरेसारख्या सीमेवरच्या गावांत राहणारे मैतेई खोऱ्यात आले, आणि मध्ये केंद्रीय सुरक्षा दलांचा पट्टा उभा राहिला. एकाच राज्यातली माणसं त्या रेषेपलीकडे जाऊ शकत नाहीत.

सप्टेंबर २०२३ मध्ये मणिपूर पोलिसांनी जे आकडे दिले त्यात ३८६ धर्मस्थळांची नासधूस झाल्याचं म्हटलं होतं. त्यातली २५४ चर्च होती आणि १३२ मंदिरं. जळालेली घरं ४,७८६. आपल्याकडे चर्चचा आकडा प्रत्येक उपदेशात आला. मंदिरांचा मी एकदाही ऐकला नाही.

चर्च जाळली गेली हे सांगताना आवाज खाली करायचं कारण नाही. इम्फाळमधल्या सांगाइप्रोऊचं सेंट पॉल चर्च आणि त्याच्या आवारातलं प्रशिक्षण केंद्र पहिल्याच दिवसांत आगीत गेलं. तेव्हाचे इम्फाळचे आर्चबिशप डॉमिनिक लुमोन यांनी जूनमध्ये एक प्रश्न जाहीरपणे विचारला होता आणि तो आजही तसाच उभा आहे. कुकी आणि मैतेई यांचं भांडण होतं, तर मग मैतेई वस्त्यांमधली मैतेई ख्रिस्ती लोकांची २४९ चर्च ३६ तासांत कशी जाळली गेली?

या मैतेई ख्रिस्ती लोकांपाशी मला थोडं थांबायचं आहे. आपल्या बोलण्यात ते कुठेच नसतात. ते भाषेनं, वेशानं, नात्यागोत्यानं मैतेई आहेत. त्यांची घरं खोऱ्यात, शेजारी हिंदू किंवा सनामही. त्यांची चर्च त्यांच्याच समाजातल्या जमावानं पाडली. त्यांच्यातल्या काहींवर धर्म सोडण्यासाठी दबाव आल्याच्याही तक्रारी झाल्या. आणि डोंगरातल्या छावण्यांत त्यांना जागा नाही, कारण तिकडे ते मैतेईच ठरतात. ख्रिस्ती म्हणून इकडे नकोत, मैतेई म्हणून तिकडे नकोत. ज्या मदतीची विभागणी ‘ख्रिस्ती विरुद्ध हिंदू’ अशी होते तिला ही माणसं दिसतच नाहीत, कारण त्या चित्रात त्यांना उभं राहायला जमीन नाही. आपण मणिपूरची गोष्ट सोपी करून सांगतो तेव्हा सगळ्यात आधी आपलीच ही भावंडं पुसली जातात.

आणि मग खोऱ्यातल्या छावण्यांतली हिंदू मैतेई बाई. तिचं चुराचांदपूरमधलं घर जळालं. ती इम्फाळमध्ये किंवा मोइरांगच्या आसपास कॉलेजच्या वर्गात, सामुदायिक सभागृहात, नाहीतर सरकारनं उभारलेल्या तयार भिंतींच्या खोल्यांत राहते. तिची मुलं शाळा बदलत मोठी होताहेत. नवऱ्याचं दुकान गेलं, हाताला काम नाही. रेषेपलीकडच्या कुकी बाईची कहाणी विचारा, गावांची नावं बदलतील, बाकी तीच. दोघींच्या घरी कमरेला पट्टा बांधून चालवायचा माग होता. दोघींचा तो जळाला.

मला कुणीतरी लगेच गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय दाखवील: सर्वांचं भलं करा आणि विशेषतः विश्वासानं एका घराण्यातल्या लोकांचं. हे वचन मी टाळत नाही. पण त्यातलं ‘सर्वांचं’ आधी येतं, आणि ‘विशेषतः’ नंतर. शिवाय त्याच पवित्र शास्त्रात राजांच्या दुसऱ्या पुस्तकात अलीशाची गोष्ट आहे. अरामी फौज त्याला धरायला आली आणि तीच शोमरोनात इस्राएलच्या राजाच्या हातात सापडली. राजानं विचारलं, मारू का यांना? अलीशा म्हणाला, यांच्यापुढे अन्नपाणी ठेव, खाऊ-पिऊ दे आणि यांच्या धन्याकडे परत पाठव. राजानं त्यांना मोठी मेजवानी दिली. त्यानंतर अरामी टोळ्या इस्राएलच्या मुलखात आल्या नाहीत, असं तिथे लिहिलं आहे. ती फौज निरपराध नव्हती. अलीशानं त्यांचा हिशेब आधी विचारला नाही.

हे फक्त जुन्या करारातच घडतं असं नाही. ईशान्य भारतातल्या चर्चनं हे करून दाखवलं आहे. १९९६ मध्ये आसामच्या कोक्राझार भागात बोडो आणि संथाळ एकमेकांची गावं जाळत होते आणि लाखो माणसं छावण्यांत होती. गुवाहाटीचे आर्चबिशप थॉमस मेनामपरम्पिल यांनी वेगवेगळ्या चर्चच्या लोकांना एकत्र करून शांततेसाठी एक पथक उभं केलं. त्यांनी आधी दोन्ही बाजूंच्या छावण्यांत औषधं आणि मदत नेली, मग बोलणी सुरू केली. ज्यानं दोन्हीकडच्या तापलेल्या पोरांना औषध दिलं त्याच्यासमोर दोन्हीकडचे म्हातारे बसायला तयार झाले. पुढे चुराचांदपूरमध्ये १९९७-९८ ला कुकी आणि पाइते या दोन जमातींत रक्त सांडलं तेव्हाही त्यांनी मध्यस्थी केली. तिथे दोन्ही बाजू ख्रिस्ती होत्या, हेही लक्षात ठेवावं. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसंही एकमेकांची घरं जाळू शकतात. म्हणून मणिपूरचं भांडण फक्त धर्माचं आहे असं म्हणणं मला पटत नाही, आणि त्यात धर्म अजिबात नाही असं म्हणणं त्या २४९ चर्चकडे पाहून शक्य नाही.

जो फक्त एका बाजूच्या छावणीत ब्लँकेटं वाटतो तो दुसऱ्या बाजूच्या नजरेत भांडणातलाच एक होतो. त्याची गाडी अडवली जाते, त्याच्या माणसांवर संशय घेतला जातो, आणि ज्या दिवशी दोघांना एकत्र बसवायची वेळ येते त्या दिवशी त्याला कुणी बोलावत नाही. इम्फाळच्या कॅथलिक चर्चपाशी एक मोठं भांडवल आहे आणि त्याबद्दल आपण बोलत नाही. लिटल फ्लॉवर, निर्मलाबास अशा इम्फाळमधल्या मिशनच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या हिंदू मैतेई मुलं शिकली आहेत. त्यातले आज अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, आई-बाप आहेत. या माणसांकडे जायचं दार अजून पूर्ण बंद झालेलं नाही. आपण पाठवलेल्या मदतीनं ते उघडं राहावं, असं मला वाटतं.

मदतीची खरी थोरवी पाहायची असेल तर मिझोरामकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या सुमारे अकरा लाख होती. आपल्या एकट्या वसई-विरार महानगरपालिकेची त्याच जनगणनेत बारा लाखांवर होती. त्या एवढ्याशा राज्यात फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या चिन प्रांतातून तीस हजारांहून जास्त माणसं आली. त्यांना कुठल्याही कायद्यानं निर्वासित म्हटलेलं नव्हतं. पाठोपाठ २०२३ मध्ये मणिपूरहून बारा हजारांवर माणसं आली. चर्च आणि यंग मिझो असोसिएशन यांनी त्यांना घरात, सभागृहात, शेतावरच्या झोपड्यांत घेतलं.

हे एका रात्रीत येत नाही. मिझो घरांत १९१० पासून एक रीत आहे. बाई भात शिजवायला घेते तेव्हा प्रत्येक वेळी एक मूठ तांदूळ वेगळा काढून ठेवते, आणि तो चर्चच्या बायका गोळा करतात. पाहुणे असोत वा नसोत, महिना अखेर असो, ती मूठ निघतेच. त्यातून त्यांच्या मंडळ्यांची मोठमोठी कामं चालतात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतल्या पोरांसाठी लोकांनी असंच मुष्टिफंडातून धान्य दिलं होतं. साताऱ्याकडच्या जुन्या माणसांना ते सांगावं लागत नाही. म्हणजे ही आपल्या मातीला परकी गोष्ट नाही. जुलैच्या एका रविवारी ओतलेल्या पैशांपेक्षा रोजची मूठ छावणीला जास्त दिवस पुरते, हे माझी वहीच सांगते.

आता थोडं व्यवहाराचं, कारण भावना असूनही मदत वाया जाऊ शकते.

जुने कपडे पाठवू नका. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरात जुने कपडे नकोत म्हणून लोकांना हात जोडून सांगावं लागलं होतं. मणिपूरला तर वसईहून एक पेटी पोचवायचा खर्च पेटीतल्या मालापेक्षा जास्त होतो. आणि पोचवायचं तरी कसं? इम्फाळहून चुराचांदपूर साठेक किलोमीटर आहे. कुकी माणसाला मात्र विमानतळावर जायचं तर इम्फाळ सोडून डोंगरातून मिझोरामच्या ऐजॉलपर्यंत बारा-पंधरा तासांचा रस्ता धरावा लागला. कॅन्सरचा, डायलिसिसचा रुग्ण असेल तर त्यालाही तोच रस्ता, कारण मोठी रुग्णालयं इम्फाळमध्ये. रेषेच्या दोन्ही बाजूंना जाऊ शकणारे ड्रायव्हर पांगल, म्हणजे मणिपुरी मुसलमान, किंवा नागा. औषधं, पीठ, कधी कधी माणसंही त्यांनीच पलीकडे नेली. या ड्रायव्हरांचं कुणी नाव घेत नाही. मणिपूरमध्ये ख्रिस्ती मदत पोचली त्यात या मुसलमान गाडीवानांचा हात आहे, हे आपण आपल्या मंडळ्यांत सांगायला हवं.

म्हणून पैसे पाठवा आणि काय घ्यायचं ते तिथल्यांना ठरवू द्या. इथे आणखी एक अडचण आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, दुरुस्ती झाली. त्यानंतर परदेशातून आलेला पैसा एक संस्था दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. कार्यालयीन खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. परिणाम असा की दिल्लीतल्या मोठ्या संस्थेकडे निधी असला तरी डोंगरातल्या छोट्या संस्थेच्या सिस्टरला तो पाठवता येत नाही. ज्या छोट्या संस्था छावणीच्या दारात उभ्या आहेत त्यांनाच सगळ्यात जास्त कोरड पडली. आपला देशातला पैसा या कायद्याखाली येत नाही. वसईच्या बागायतदारानं, नगरच्या शिक्षकानं, जालन्याच्या नर्सनं दिलेले शंभर रुपये तिथे सरळ पोचू शकतात. आपल्या दानाची किंमत त्या रकमेपेक्षा म्हणूनच मोठी आहे.

कुणामार्फत द्यायचं, हा प्रश्न येईल. कॅथलिकांसाठी कॅरिटास इंडिया १९६२ पासून आहे. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांसाठी कासा ही संस्था आहे, आणि तिचा जन्म १९४७ चा, फाळणीच्या निर्वासितांसाठी. त्या वेळी मदत घेणाऱ्यांत ख्रिस्ती माणसं किती असतील? बहुतेक शीख, हिंदू आणि मुसलमान. म्हणजे भारतातल्या चर्चनं रक्तपातात मदत करायला सुरुवात केली ती दुसऱ्यांच्या घरांसाठीच. त्या वळणावर आपण पुन्हा यावं एवढंच मी म्हणते.

निधी देताना अटी घाला, पण योग्य त्या. एका माणसाला निवाऱ्यात निदान साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला पंधरा लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास. मदतकार्याची ही आंतरराष्ट्रीय मापं आहेत आणि जगभरातल्या संस्था ती मानतात. आपला पैसा गेलेल्या छावणीत यातलं किती आहे, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. मुलींसाठी संडासाला आतून कडी आहे का, हेसुद्धा विचारा. बायकांनी सांगितलेले प्रश्न हिशेबात सहसा येत नाहीत. आणि दर सहा महिन्यांनी मराठीत हिशेब मागा, जो चर्चच्या फलकावर लावता येईल.

मात्र एक अट कधीच घालू नका. मदतीच्या बदल्यात कुणाला प्रार्थनेला बसवू नका, पुस्तक हातात देऊ नका, ब्लँकेट घेतानाचा फोटो काढू नका. रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ मध्ये जी आचारसंहिता मान्य केली तिच्यात मदत कुठल्याही धार्मिक किंवा राजकीय मताच्या प्रसारासाठी वापरायची नाही असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि कॅरिटास त्यात पहिल्यापासून आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला हे वेगळं सांगायला नको. १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशन या आपल्या आश्रमात उपाशी बायका आणि मुलं आणली, त्यांना जगवलं, हातात काम दिलं. त्या काळच्या मिशनच्या मदतीवरून आपल्या आजी-पणजींना धर्म अन्नासाठी विकल्याचे टोमणे पिढ्यान्‌पिढ्या ऐकावे लागले आणि अजूनही ऐकावे लागतात. तो आरोप किती दुखावतो हे आपल्याला ठाऊक आहे. मणिपूरमधल्या कुठल्याही मैतेई बाईच्या नातवंडांना तो ऐकावा लागू नये.

महाराष्ट्राचा मणिपूरशी संबंध काय, असंही कुणी विचारेल. सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑगस्ट २०२३ ला पुनर्वसन आणि मदतीवर लक्ष ठेवायला तीन निवृत्त महिला न्यायाधीशांची समिती नेमली. त्यात न्या. गीता मित्तल आणि न्या. आशा मेनन यांच्याबरोबर मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. शालिनी फणसळकर-जोशी होत्या. तपासावर देखरेखीसाठी नेमलेले दत्तात्रय पडसलगीकर हे महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक. देशानं या कामासाठी आपल्याकडे पाहिलं तेव्हा त्याला इथली माणसं सापडली. आणि दुसरा संबंध तर आपल्या दारातच आहे. मुंबईत कलिना-वाकोल्यात, पुण्यात कॉलेजांच्या आसपास मणिपूरची मुलंमुली राहतात. कुकी आहेत, मैतेई आहेत, नागा आहेत. हॉटेलांत, सलूनमध्ये, रुग्णालयांत काम करतात. ज्यांचं घर जळालं त्यातल्या कित्येकांची फी थांबली, काहींनी शिक्षण सोडलं. मुंबई-पुण्यातल्या आपल्या वसतिगृहांनी आणि शाळांनी दोन्ही समाजांच्या मुलांसाठी काही जागा ठेवल्या, तर मणिपूरला न जाताही मोठं काम होईल. ही मुलं इथल्या रविवारच्या उपासनेला येतात तेव्हा त्यांना ‘कुठून आलात, नेपाळहून का’ असं विचारलं जातं. ते बंद व्हायला एक पैसाही लागत नाही.

वेळेबद्दल एक बोलायचं राहिलं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. तिथे कुणी घर जाळलं नव्हतं, सरकार मागे उभं होतं, जागतिक बँकेचं कर्ज होतं. तरी पत्र्याच्या शेडमधून नव्या गावात जायला लोकांना वर्षं लागली. मणिपूरमध्ये तर परत जाण्याच्या वाटेवर बंदूक आहे. २० डिसेंबर २०२३ ला चुराचांदपूरमध्ये ८७ जणांचा एकत्र दफनविधी झाला. त्यातले कित्येक मृतदेह मे महिन्यापासून शवागारांत होते. मेलेल्या माणसाला मातीत जायला साडेसात महिने लागतात तिथे जिवंत माणसाला घरी जायला किती लागतील? फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली. प्रशासनानं डिसेंबर २०२५ पर्यंत छावण्या टप्प्याटप्प्यानं बंद करायचं जाहीर केलं होतं. छावणी बंद झाली म्हणजे घर मिळालं असं होत नाही. उलट त्या दिवशी रेशन थांबतं आणि माणूस यादीतून निघून जातो. माझ्या मते आपली मदत सगळ्यात जास्त लागणार आहे ती याच टप्प्यावर: घराच्या छपराला, मागाला, शिलाई मशीनला, हरवलेल्या दाखल्यांसाठी कोर्टकचेरीला, रात्री किंचाळत उठणाऱ्या मुलांशी बोलणाऱ्या समुपदेशकाच्या पगाराला.

तेव्हा माझं मागणं स्पष्ट शब्दांत मांडते. प्रत्येक धर्मग्रामानं आणि मंडळीनं वर्षातला एक रविवार मणिपूरसाठी ठरवावा आणि निदान पाच वर्षं तो पाळावा. उपवासकाळातला एखादा रविवार मला बरा वाटतो, कारण तेव्हा घरात मन आधीच तयार असतं. जमलेल्या रकमेतला निम्मा भाग खोऱ्यातल्या विस्थापितांसाठी आणि निम्मा डोंगरातल्या विस्थापितांसाठी असावा, आणि हे पाकिटावरच छापलेलं असावं, म्हणजे देणाऱ्याला माहीत असेल. मैतेई ख्रिस्ती कुटुंबांची मदत खोऱ्याच्या निम्म्या भागात नावानिशी धरावी, नाहीतर ती पुन्हा निसटतील. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी आपलं पाकीट नुसतं एका बाजूसाठी द्यावं, त्यांना अडवू नये. पण धर्मग्राम म्हणून आपण जे पाठवू ते दोन्हीकडे जावं.

आमच्या बिशपांना आणि इतर मंडळ्यांच्या बिशपांना विनंती आहे की त्यांनी पुढच्या वर्षी एकत्र मणिपूरला जावं. इम्फाळच्या आर्चबिशपांच्या सल्ल्यानं चुराचांदपूरच्या छावणीत जावं आणि त्याच दौऱ्यात मोइरांगच्या छावणीतही. जळालेल्या चर्चच्या भिंतीसमोर उभं राहावं, आणि जळालेल्या मंदिरासमोरही. बरोबर दोन-तीन नर्स आणि एखादा समुपदेशक न्यावा. परत आल्यावर त्यांनी आम्हांला दोन्ही बाजूंच्या बायका काय म्हणाल्या ते सांगावं.

ज्या परिषदेला हा प्रस्ताव मान्य असेल तिनं आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो लेखी घ्यावा आणि ठरावाची प्रत आपल्या धर्मप्रांताच्या समाजसेवा केंद्राकडे द्यावी. पाकिटांचा मजकूर मराठीत तयार करून द्यायची माझी तयारी आहे, आणि हिशेबाचा नमुनाही. आमच्या धर्मग्रामाच्या परिषदेपुढे मी हा विषय येत्या बैठकीत मांडते आहे.

ख्रिस्तात आपली,
वसईतल्या एका धर्मग्रामातली मदत समितीची हिशेबनीस